घडणीचा पुरावा मोडणीत

आर्थर कोर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक निबंधमाला आहे. नाव अगदी कोरडं: ‘एन्झाइमॅटिक सिंथेसिस ऑफ डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक ॲसिड’, आणि पुढे रोमन आकडा. पहिले दोन निबंध १९५८च्या जुलैत ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त आले, आठवा १९६१ साली, चोविसावा १९६७ साली. जिवाणूच्या पेशीतून वेगळं काढलेलं एक एन्झाइम, त्याला पुरवलेला कच्चा माल आणि परीक्षानळीत जोडली गेलेली डीएनएची साखळी, एवढ्याभोवती ही सगळी माला फिरते. पाठ्यपुस्तकात तिची बोळवण एका वाक्यात होते: कोर्नबर्ग यांनी ई. कोलाय या जिवाणूतून डीएनए पॉलिमरेझ मिळवलं आणि १९५९ साली त्यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

वाक्य खरं आहे. पण मूळ निबंध हातात घेतले की जे मनात भरतं, त्याचा त्यात मागमूसही नाही. मला या मालेचं अप्रूप वाटतं ते असं, की घडणीची गोष्ट सांगणारी ही माणसं दर निर्णायक वळणावर काहीतरी मोडतात. डीएनए तयार झाला हे सिद्ध करायला ती तयार झालेला डीएनए तोडतात, त्याची रचना कळावी म्हणून पुन्हा तोडतात, आणि तो जिवंत कार्य करतो हे दाखवायला आणखी एकदा. हे तोडणं आडदांड नसतं. कुठे तोडायचं, किती तोडायचं, तोडल्यावर कोणता अणू कोणाच्या वाट्याला जाईल, याचा इतका बारीक विचार त्यामागे असतो की वाचता वाचता थांबून दाद द्यावीशी वाटते.

सुरुवात १९५५च्या अखेरची. जागा सेंट लुईसमधलं वॉशिंग्टन विद्यापीठ. ई. कोलायच्या पेशी फोडून काढलेल्या अर्कात मॉरिस फ्रीडकिन यांच्याकडून मिळालेलं किरणोत्सारी थायमिडीन घातलं गेलं. डीएनएची लांब साखळी थंड आम्लात साका होऊन खाली बसते, सुटे घटक मात्र विरघळलेले राहतात. साक्यात किरणोत्सार उतरला तर काहीतरी जोडलं गेलं असं म्हणायला जागा होते. किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यांत मोजणी झाली. घातलेल्या दहा लाख ठोक्यांपैकी साक्यात सापडले पन्नासेक.

दहा लाखांत पन्नास म्हणजे काहीच नव्हे, असं कोणीही म्हणालं असतं. धुण्यात कसर राहिली असेल, थायमिडीन साक्याला नुसतं चिकटलं असेल, यंत्राचीच कुरकुर असेल. अशा वेळी प्रयोग करणारा साधारणपणे आकडा वाढवण्याच्या मागे लागतो. इथे आधी त्या पन्नासांची जात तपासली गेली. डीऑक्सिरायबोन्यूक्लिएझ हे एन्झाइम डीएनएचेच बंध तोडतं, दुसऱ्या कशाला हात लावत नाही, आणि ते शुद्ध स्वरूपात मिळत होतं. ते त्या साक्यावर सोडलं. पन्नास ठोके साक्यातून निघाले आणि आम्लात विरघळले. नुसतं चिकटलेलं थायमिडीन असतं तर या एन्झाइमने त्याचं काही झालं नसतं. साखळीत गुंफलं गेलेलंच असं सुटू शकतं. संख्या मोठी असती तर हा प्रयोग एवढा देखणा झाला नसता असं मला वाटतं. क्षीण खुणेला तिच्या विनाशातून ओळखण्याची ही नजर फार थोड्यांना असते.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, जिचा अर्थ लागायला वेळ लागला. अर्कात थायमिडीनसोबत वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला तयार डीएनएही घातला होता. त्यामागे कोर्नबर्ग यांचे दोन हिशेब होते. गर्टी आणि कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत ते पूर्वी काम करून आले होते. ग्लायकोजेनची साखळी आधीच्या साखळीच्या टोकालाच वाढते, हे तिथे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा डीएनएलाही वाढायला एखादं टोक लागेल, हा एक हिशेब. दुसरा असा की अर्कात डीएनए तोडणारी एन्झाइमं ढिगाने असतात. त्यांना खायला भरपूर जुना डीएनए दिला तर नवा थोडासा तरी त्यांच्या तावडीतून वाचेल.

दोन्ही हिशेब चुकले नव्हते, पण घातलेला डीएनए त्याहून मोठी कामं करत होता. एक काम साच्याचं. नव्या साखळीत कोणता घटक कुठे बसायचा हे तोच ठरवत होता, आणि ज्यावर काम करायचं त्याच्याकडूनच सूचना घेणारं एन्झाइम तोवर कोणी पाहिलं नव्हतं. दुसरं काम मला त्याहून मोहक वाटतं. डीएनएला ए, टी, जी, सी असे चार तऱ्हेचे घटक लागतात, आणि प्रयोगात घातलेलं होतं एकच, थायमिडीन. मग उरलेले तीन आले कुठून? अर्कातल्या तोडणाऱ्या एन्झाइमांनी वासराचा डीएनए फोडला, सुट्या झालेल्या घटकांवर दुसऱ्या एन्झाइमांनी फॉस्फेट चढवले, आणि हवा तो माल आपोआप तयार झाला. ज्यांच्यापासून नव्या साखळीचं रक्षण करायचं होतं, तेच तिचे पुरवठादार निघाले. ती मोड झाली नसती तर ते पन्नास ठोकेही दिसले नसते.

हे कोडं उलगडलं ते शुद्धीकरणाच्या ओघात. बॉब लेहमन, मॉरिस बेसमन, अर्नेस्ट सिम्स ही मंडळी तेव्हा कामाला लागली होती. पेशी ध्वनिलहरींनी फोडायच्या, अर्कात स्ट्रेप्टोमायसिन घालायचं, त्याने न्यूक्लिइक आम्लं साकळून खाली बसतात आणि पॉलिमरेझही त्यांच्याबरोबर खाली येतं. वरचा द्रव आणि खालचा साका असे दोन भाग झाले, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय काम होईना. वरच्या द्रवात उकळूनही न बिघडणारं असं काहीतरी होतं. एन्झाइमं उकळल्यावर मरतात, तेव्हा ते एन्झाइम नव्हतं. शोध घेता घेता लक्षात आलं, की हे तर वासराच्या डीएनएपासून बनलेले उरलेले तीन घटक. मग ॲल्युमिनाची जेल, अमोनियम सल्फेट, डीईएई सेल्युलोज अशा पायऱ्यांनी एन्झाइम पुढे पुढे स्वच्छ होत गेलं.

पहिल्या निबंधातला हा भाग बहुतेक वाचक डोळ्यांखालून नुसता घालतात. तो सावकाश वाचण्यासारखा आहे. एक कोष्टक, प्रत्येक ओळीला एक पायरी, आणि दर पायरीला प्रथिनाचं वजन घटतं पण प्रत्येक मिलिग्रॅममागची क्रिया चढते. एका दशकानंतर याच एन्झाइमचं काम मोठ्या प्रमाणावर झालं, तेव्हा सुमारे ९० किलो जिवाणूंच्या लगद्यातून हाती आलं ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एवढं टाकून द्यायची ज्याची तयारी आहे, त्यालाच शुद्ध वस्तू मिळते. कोर्नबर्ग यांचा आयुष्यभराचा आग्रह हाच होता, की अशुद्ध एन्झाइमवर विचार खर्ची घालू नये.

स्वच्छ एन्झाइमने जे दाखवलं ते थोडक्यात असं. चारही घटक ट्रायफॉस्फेटच्या रूपात हवेत, मॅग्नेशियम हवं, साच्याचा डीएनए हवा. चारातला एक काढला की क्रिया जवळजवळ थांबते. आणि तयार झालेल्या डीएनएत ए-टी व जी-सी यांचं परस्पर प्रमाण साच्याबरहुकूम येतं, पुरवठ्यात कोणता घटक जास्त घातला याला किंमत नाही. १९५७ साली पाठवलेले पहिले दोन निबंध मात्र नियतकालिकाने आधी नाकारले. या पदार्थाला डीएनए म्हणण्याचा अधिकारच काही परीक्षकांना मान्य नव्हता. १९५८च्या मे महिन्यात जॉन एडसॉल संपादक झाले, त्यांनी लक्ष घातलं आणि निबंध छापले गेले.

आता आठव्याकडे. जॉन जोस, डेल कायझर आणि कोर्नबर्ग यांचा हा निबंध माझ्या मते सगळ्या मालेचा कळस आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: साखळीतल्या घटकांचं एकूण प्रमाण साच्याशी जुळतं हे कळलं, पण त्यांचा क्रमही जुळतो का? १९६१ साली डीएनएचा क्रम वाचण्याची कोणतीही रीत नव्हती. पहिला क्रम वाचला जायला अजून बरीच वर्षं होती. या तिघांनी क्रम न वाचताच क्रमाबद्दल बोलण्याची वाट काढली.

युक्ती समजायला साखळीची जोडणी नजरेसमोर आणावी लागते. प्रत्येक घटक साखळीत येताना आपल्या एका अंगाला एक फॉस्फेट घेऊन येतो आणि त्याच्या आधाराने आधीच्या घटकाला जोडला जातो. जुन्या वाड्यांच्या आळीत दोन घरांमध्ये एक सामाईक भिंत असते, तसा हा फॉस्फेट दोघांच्या मध्ये उभा राहतो. बांधताना तो आणला एकाने, पण आता तो दोघांचा. घरं सुटी करायची वेळ आली तर भिंत कोणाकडे जाणार, हे पाडणारा कुठून पाडतो यावर ठरतं.

आणि पाडणारे दोन तऱ्हेचे होते. सापाच्या विषातलं फॉस्फोडायएस्टरेझ अशा बाजूने तोडतं, की फॉस्फेट ज्याने आणला त्याच्याकडेच राहतो. प्लीहेतलं फॉस्फोडायएस्टरेझ, जिवाणूपासून मिळणाऱ्या एका न्यूक्लिएझच्या जोडीने, उलट बाजूने तोडतं आणि फॉस्फेट शेजाऱ्याच्या पदरात टाकतं. पहिल्या निबंधात विषाचा उपयोग झालेला होता: किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या माध्यमात ई. कोलाय वाढवायचा, त्याचा डीएनए काढायचा, आणि विषाच्या एन्झाइमने त्याचे घटक असे सुटे करायचे की खूण प्रत्येकाजवळ टिकून राहील. आठव्या निबंधात पाळी आली प्लीहेची.

प्रयोग असा. चार घटकांपैकी एकाच घटकाच्या, समजा ए-च्या, फॉस्फेटवर किरणोत्सारी खूण करायची, बाकीचे तीन साधे ठेवायचे. पॉलिमरेझकडून साखळी जोडून घ्यायची. मग ती सगळी साखळी प्लीहेच्या रीतीने शेवटच्या घटकापर्यंत तोडायची. खूण आता ए-कडे नाही. ती त्याच्या आधी बसलेल्या घटकाकडे गेली आहे, मग तो कोणीही असो. चार जातींचे घटक वेगळे करून प्रत्येकाजवळ किती खूण आली ते मोजलं, की ए-च्या शेजारी टी किती वेळा, जी किती वेळा, सी किती वेळा आणि स्वतः ए किती वेळा बसला ते कळतं. असेच चार प्रयोग चार खुणांनी. सोळा जोड्या, सोळा आकडे.

इथे थांबून पाहावं. पॉलिमरेझने खूण आत नेली, प्लीहेने बाहेर काढली, आणि आत जाताना ती ज्याच्याजवळ होती त्याच्या नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्याच्या हाती देऊन बाहेर काढली. बांधणी एका दिशेने, मोडणी दुसऱ्या दिशेने, आणि या दोहोंमधल्या फरकात सगळी माहिती. दोन्ही क्रिया एकाच बाजूच्या असत्या तर हातात काहीच आलं नसतं, जे घातलं तेच परत मिळालं असतं.

निबंधातल्या कोष्टकात मायकोबॅक्टेरियम फ्लाय या जिवाणूच्या डीएनएचे आकडे आहेत. क्षयाच्या जंतूच्या कुळातला हा जीव. ते आकडे पेन्सिल घेऊन वाचावेत. वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३च्या प्रतिकृतीत डीएनएच्या दोन साखळ्या परस्परविरुद्ध दिशांनी धावतात. हे क्ष-किरणांच्या चित्रांवरून बांधलेलं अनुमान होतं, रासायनिक पुरावा त्याला नव्हता. आता विचार करा. दोन्ही साखळ्या एकाच दिशेने धावत असतील, तर एका साखळीतल्या जी–ए जोडीसमोर दुसरीत सी–टी येईल आणि दोन्हींचं प्रमाण सारखं निघेल. विरुद्ध धावत असतील तर तीच समोरची जोडी तिच्या स्वतःच्या दिशेने टी–सी अशी वाचावी लागेल. कोष्टकात जी–ए ०.०६५, टी–सी ०.०६१, आणि सी–टी ०.०४५. टी–ए आणि ए–टी यांचं तर आणखी स्पष्ट आहे. साखळ्या एकाच दिशेच्या असत्या तर हे दोन आकडे समान यायला हवे होते. आहेत ०.०१२ आणि ०.०३१.

एवढ्या चार-पाच आकड्यांत दुपेडी गोफाचा एक मूलभूत गुण परीक्षानळीत शाबीत झाला. आणि तोही डीएनए डोळ्यांनी न बघता, त्याचं चित्र न काढता, त्याचा पार भुगा करून. मुलांना शिकवताना हे कोष्टक फळ्यावर उत्तराशिवाय लिहून द्यावं असं मी सगळ्या शिक्षकांना सुचवीन. सी–टी समोर काय यायला हवं, एवढंच विचारायचं. ए–जी शोधून, तोही नेमका ०.०४५ आहे हे पाहिल्यावर चेहऱ्यांवर जे उमटतं, ते व्याख्यानाने उमटत नाही.

याच पद्धतीने एक विलक्षण प्रकारही उलगडला. साच्याचा डीएनए अजिबात न घालता एन्झाइम आणि घटक नुसते ठेवले, तर कित्येक तास काही होत नाही, आणि मग एकाएकी साखळ्या तयार होऊ लागतात. त्यांत फक्त ए आणि टी. शेजार तपासला तेव्हा दिसलं, की ए-पुढे टी आणि टी-पुढे ए, अखंड आलटून पालटून. साच्यावाचून एन्झाइमने स्वतःहून विणलेला हा नमुना १९६० साली प्रसिद्ध झाला. साच्याच्या हुकमाशिवाय पाऊल न टाकणारं म्हणून ज्याची ख्याती, त्याचं हे वागणं मला अजून गूढ आणि लोभस वाटतं. पुढे हर गोविंद खोराना यांनी जनुकीय संकेत उलगडताना याच एन्झाइमला रासायनिक रीतीने जोडलेले छोटे तुकडे साचा म्हणून दिले आणि त्यांच्यापासून हव्या त्या पुनरावृत्तीच्या लांब साखळ्या करून घेतल्या.

चोविसाव्या निबंधाचा गाजावाजा सर्वांत जास्त झाला. १९६७च्या डिसेंबरात खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यावर बोलले, आणि परीक्षानळीत जीव निर्माण झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी दिल्या. जीव निर्माण झाला नव्हता. फाय-एक्स-१७४ या विषाणूचा डीएनए कृत्रिमरीत्या जोडला गेला होता, आणि तो जिवाणूत शिरून नवे विषाणू उभे करू शकत होता. साडेपाच हजारांच्या आसपास घटकांची एकेरी साखळी, टोकं जुळून गोल झालेली. परीक्षकांच्या जुन्या शंकेला हे सडेतोड उत्तर होतं. पण रसिकाने पाहायचं ते या बातमीच्या आत.

अडचण अशी, की साचा म्हणून घेतलेला मूळ विषाणूचा डीएनए स्वतःच संसर्गक्षम आहे. तयार मिश्रणाने जिवाणू बाधित झाले, तर श्रेय जुन्याचं की नव्याचं? मेहरान गुलियन, कोर्नबर्ग आणि रॉबर्ट सिन्शायमर यांनी थायमिनच्या जागी ब्रोमोयुरासिल घातलं. ब्रोमीन जड अणू, त्यामुळे नवी साखळी जुनीपेक्षा जड. पॉलिमरेझने ती जोडली, लायगेझ या जोडणाऱ्या एन्झाइमने टोकं सांधली. आता दोन बंद वलयं एकमेकांत गुंतलेली, आणि ती सुटी कशी करायची? तर डीऑक्सिरायबोन्यूक्लिएझने. पन्नास ठोक्यांच्या वेळचा तोच जुना साक्षीदार. मात्र या वेळी त्याला जेमतेम एक घाव घालू द्यायचा. जास्त घातलं तर दोन्ही वलयांच्या चिंध्या होतील, कमी पडलं तर गाठ सुटणार नाही. मोजून मापून एका साखळीत एकच खाच पडली, की तापवल्यावर दुसरी अखंड वलय म्हणून मोकळी होते. मग सीझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगाने फिरवून जड आणि हलकी वेगवेगळ्या थरांत बसवायची. त्या जड वलयाने जिवाणू बाधित केले. पुढे त्याच वलयाला साचा करून विषाणूची मूळ बाजूही बनवली गेली, आणि तीही बाधक ठरली.

या सगळ्या काळात एक गोष्ट सलत राहिली होती. पॉलिमरेझ कितीही शुद्ध केलं तरी त्याच्यात डीएनए तोडण्याची थोडी क्रिया उरतच असे. साहजिकच ती मलिनता समजली गेली, आणि ती काढून टाकण्यासाठी बरीच खटपट झाली. १९६४ साली लेहमन आणि चार्ल्स रिचर्डसन यांनी दाखवलं की ती मलिनता नव्हेच, तोडण्याची ताकद त्याच एन्झाइमची आहे. १९६९ साली पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांना असा ई. कोलाय सापडला, ज्याच्यात हे पॉलिमरेझ जवळजवळ नाही आणि तरीही तो वाढतो, मात्र अतिनील किरणांपुढे दुबळा पडतो. म्हणजे पेशीतली मुख्य नक्कल हे एन्झाइम करत नव्हतं, त्याचं मोठं काम दुरुस्तीचं होतं. कोर्नबर्ग यांच्या संशोधनावर त्यामुळे टीकेची झोड उठली. मुख्य काम करणारं पॉलिमरेझ शोधण्यात त्यांचे चिरंजीव टॉम यांचाच वाटा असावा, ही हकिगत फार सांगितली जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुरुस्ती करणाऱ्या हाताची तपासणी.

ती डग्लस ब्रुटलाग आणि कोर्नबर्ग यांनी १९७२ साली केली, आणि जुन्याच ढंगाने, खुणा घालून. ए-च्या साच्यावर टी-ची एक छोटी साखळी बसवली, आणि तिच्या टोकाला जाणूनबुजून एक चुकीचा सी लावला. टी-वर एक किरणोत्सारी खूण, सी-वर दुसरीच. मग पॉलिमरेझ आणि नवे टी घातले. सी-ची खूण साखळीतून झपाट्याने नाहीशी झाली. टी-ची जिथल्या तिथे राहिली. टोकाचा चुकीचा घटक काढल्याशिवाय एन्झाइमने पुढचा एकही घटक जोडला नाही. नवे टी घातलेच नाहीत, तर सी गेल्यानंतर ते मागे मागे टी-सुद्धा कुरतडत गेलं.